ब्रशावरचं पितळी कडं

डुकराचे केस मी माझ्या स्वयंपाकघरात टिकू दिले नाहीत, एवढं एकच मला जमलं. बाकीची सगळी घाण आली आणि राहिली.

कुरिअरवाल्याने पुडकं दिलं, ते ह्यांनी थेट माझ्या ओट्यावर, निवडलेल्या कोथिंबिरीच्या शेजारी फोडलं. आतून ताठ केसांचा एक गुच्छ निघाला. कसले केस म्हणून विचारलं तर हे म्हणाले, "डुकराचे. दाढीच्या ब्रशाला लागतात." मेथीची जुडी आणल्यासारखं सांगितलं. मी ते पुडकं चिमट्यात धरून बाहेर जुन्या टायरांच्या ढिगावर नेऊन ठेवलं. ती कोथिंबीरही टाकली. मग ह्यांनी गपचूप नायलॉनचे केस मागवले.

हे म्हणजे काशीनाथ, माझे यजमान. अच्छाडला हायवेच्या कडेला ह्यांचं लेथचं दुकान आहे. पुढे लेथ, मागे आमच्या दोन खोल्या. ट्रकचा बुश झिजला, पिन वाकली, की ड्रायव्हर आमच्या दारात. दिवसभर लोखंडाचा कीस, कूलंटचा वास आणि हॉर्न. त्याची मला सवय झाली आहे. लोखंडाची घाण निदान झाडता येते.

खरं तर हे बागायतदाराच्या घरातले. डहाणूकडे, किनाऱ्याला, ह्यांच्या वडिलांनी स्वतः लावलेली चिकूची वाडी आहे. पण त्या घरात जन्मून झाडाखाली उभं राहायचा कंटाळा असलेला हा एकच प्राणी. उंबरगावच्या कारखान्यात लेथ शिकले आणि झाडं थोरल्या भावाकडे सोडून इथे येऊन बसले. माझं माहेर कैनाडचं, आम्ही भात लावणारी माणसं. आई म्हणायची, बागायतदाराचा मुलगा आहे, सावलीत राहशील. सावली कसली, पत्र्याखाली भाजून निघाले.

ह्यांचं बोलणं बेताचं. पण जे आहे ते आहे म्हणायचं, ही एक खोड. पिन सूतभर कमी पडली, तर ड्रायव्हर हात जोडतो, "चालेल काका, सुरतपर्यंत जाऊ द्या." हे नाही म्हणजे नाही. "नाही चालणार. पुन्हा करतो." त्या ड्रायव्हरच्या शिव्या खातील, पण चालेल म्हणणार नाहीत. ह्याच खोडीने घर तुटलं.

ह्यांचे थोरले भाऊ, आमचे दादा, वाडी सांभाळायचे. एका वर्षी दिल्लीकडचा व्यापारी वाडीचा सगळा माल घ्यायला आला होता. घराच्या पुढच्या ओट्यावर चहा चालला होता. आम्ही सहज गेलो होतो. व्यापाऱ्याने चिकू कापला, खाल्ला, वा वा केलं. आणि आयुष्यात कधी मधे न बोलणारा माझा नवरा म्हणाला, "शेठ, बी फोडून बघा." बी फोडली. आत अळी. चिकूची ही कीड अशीच असते. फळ बाहेरून गुळगुळीत, बी काळी चकचकीत, आणि बीच्या पोटात बसून ती आतला गर खात असते. व्यापारी चहा अर्धा टाकून उठला. दादांनी ती फोडलेली बी ओट्याखाली टाकली. मग म्हणाले, "घरचं झाकायचं असतं, काश्या. तुला नसेल जमत तर ह्या घरात येऊ नकोस."

ती शेवटची हाक. त्यानंतर लग्नात, मयतात समोरासमोर आलो, तरी दादांनी ह्यांच्याकडे बघितलं नाही. हे काही बोलायचे नाहीत. पण दुकानासमोर रिक्षा थांबली की हात थांबायचा आणि मान वर व्हायची. मला तिडीक यायची. खरं बोललेला माणूस असा ताटकळत का बसेल?

यंदा दादांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यांचा मुलगा पीयूष, त्याने मोबाइलवर निमंत्रणाचा व्हिडिओ पाठवला. वरून उडत काढलेली वाडी, मागे सनई, आणि खाली लिहिलेलं, 'सहकुटुंब या'. त्याच्या फोनमध्ये जेवढे नंबर होते तेवढ्यांना तो गेला होता, गॅसवाल्यालासुद्धा. पण हे असे हरखले की बोलायची सोय नाही. "दादाने बोलावलंय," म्हणाले. दादांनी कुठे, तुमच्या पुतण्याच्या फोनने बोलावलंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या तोंडाकडे बघून गिळलं. ह्यांना जेवण नको होतं, मान नको होता. दादांनी एकदा 'काश्या' म्हणावं, एवढंच हवं होतं.

आणि भेट काय द्यायची, तर दाढीचा ब्रश. त्यालाही कारण होतं. सासरे रोज सकाळी ओट्यावर बसून दाढी करायचे. ब्रश पाण्यात भिजवायचा मान थोरल्याचा, दाढी झाल्यावर धुवायचं काम धाकट्याचं. सासरे गेल्यावर दादा त्याच ब्रशाने दाढी करत राहिले, केस झडून बुडखा उरेपर्यंत. तर आता हे दादांसाठी नवा ब्रश करणार, आणि मूठ करणार रेझिनची, ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणाऱ्या रसायनाची, आणि रेझिनमध्ये घालणार चिकूच्या बिया. त्याच वाडीतल्या, वडिलांनी लावलेल्या झाडांच्या. मोबाइलवर कुणाची तरी चित्रफीत बघून हे डोक्यात शिरलं होतं.

स्वतः वाडीत जायची सोय नव्हती. म्हणून रघ्याला सांगितलं. रघ्या वेवजी गावचा, ह्यांच्याच वयाचा, पोरपणापासून वाडीत कामाला, आता दोघंही पिकलेत. त्याने पिशवी भरून चिकू आणले. कुजलेले, गळणारे, वर चिलटं. ओट्यावर ठेवताना तो सरळ म्हणाला, "पडलेलं आणलंय, काशीभाय. चांगलं सगलं गाडीत जातं." ह्यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नाही. चिकूवाल्यांच्या घरात हेच चालत आलं आहे. झाडावरचा माल मुंबईला, दिल्लीला, आणि मातीत पडेल तो आपल्या ताटात. चांगला चिकू मी स्वतः लग्नाच्या आधी, बाजारातून विकत आणून खाल्ला होता.

बिया धुऊन ह्यांनी माझ्या पोह्याच्या चाळणीत वाळत घातल्या. त्यांना मुंग्या लागल्या. मुंग्या चाळणीतून गुळाच्या डब्यात गेल्या. मग रेझिन आलं, दोन बाटल्यांमधलं. थंडीने घट्ट झालं होतं, तर ते पातळ करायला बाटल्या गरम पाण्यात ठेवायच्या. गरम पाणी कशात, तर दूध तापवायच्या माझ्या पातेल्यात. बाटलीचं तोंड ओघळलं. पाण्यावर तवंग आला आणि पातेल्याच्या काठाला चिकट थर बसला. घासलं, खरवडलं, चिंच लावली, राख लावली, निघेना. त्यानंतर त्यात एकदा दूध तापवलं तर चहाला गाडीच्या सीटचा वास. पातेलं मी मोरीत उपडं टाकलं आणि सांगितलं, "हे आता भंगारात. तुम्ही पण बरोबर जा."

हे हसले. माझ्या रागावर हसण्याची ह्यांची ती जुनी पद्धत आहे.

दोन बाटल्यांतलं एकत्र ढवळून, पाइपाच्या तुकड्यात बिया रचून, वरून ओतलं. खोलीत असा वास कोंडला की माझं डोकं फुटायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी पाइप चिरून आतून काचेसारखा दांडा काढला, आणि त्यात काळ्या बिया लटकलेल्या. लेथवर लावला. लोखंडाचा कीस खाली पडतो. रेझिनच्या लांब फिती उडतात आणि जिथे जातील तिथे चिकटतात. भिंतीला, माझ्या केसांना, देवाच्या तसबिरीला. वरणात एक सापडली. मी ताट सरकवून उठले आणि दारात जाऊन थुंकले. ट्रकवाला बघत होता. बघू दे.

पण एक सांगते. लेथचं टूल बियांना लागलं आणि त्या आडव्या कापल्या गेल्या, तेव्हा काळ्या कडेच्या आत पांढरा गर उमटला. एकेक बी डोळ्यासारखी उघडली. हे चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. मीही बघितलं, नाही असं नाही. हाताला छान बसेल अशी मूठ झाली होती, मधे फुगीर, मानेला बारीक. मग ह्यांनी मानेजवळ शेवटचा एक हात फिरवला आणि लेथ बंद केला.

मानेजवळची एक बी पोकळ होती. आत गर नव्हता, भुसा होता. आणि भुशात वाकडी होऊन पडलेली, गुलाबीसर, जाड अळी. अर्धी टूलने कापली गेली होती. ज्या हाताने मी ती मूठ धरली होती तो साबणाने धुतला, तरी रात्रीचं जेवताना चमचा घेतला.

"टाका ते," मी म्हणाले.

"उद्याच तर कार्यक्रम आहे. दुसरी ओतली तर सुकणार नाही."

"मग शाल घेऊन जा. सगळे शालच आणतात."

हे बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. अजून खोल काढावी तर मान बारीक होऊन मोडणार. भरून काढावी तर डाग दिसणार. मग उठले, पितळेच्या तुकड्यांतून एक तुकडा निवडला, आणि एक कडं कातलं. बरोबर त्या बीवर बसेल एवढं. आतून गोंद लावून मानेवर चढवलं, पॉलिश केलं, वर नायलॉनचे केस बसवले. अळी गेली. इतकं देखणं दिसायला लागलं की कडं मुळातच तिथे हवं होतं असं वाटावं.

तेव्हा मला खरी किळस आली. अळीची आली होती त्याहून जास्त. अळी बिचारी किडा आहे, ती खाणारच. पण ज्या माणसाने भरल्या ओट्यावर 'बी फोडून बघा' म्हटलं, त्यापायी भाऊ गमावला, ट्रकवाल्याला जो सूतभर सूट देत नाही, तो माझ्यासमोर बसून कडं घासत होता. मी म्हणाले, "अळी परवडली, पण हे कडं नको. लाज वाटते मला." हे वर न बघता म्हणाले, "एक दिवस जाऊ दे, निर्मला. फक्त एक दिवस." मी आत निघून गेले.

कार्यक्रमाचं तर बोलूच नये. वाडीत मांडव, मांडवात पडदे, चिकूच्या रंगाची क्रीम थापलेला केक. ती क्रीम पीयूषच्या मित्रांनी दादांच्या गालांना फासली. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला दिसतही नव्हतं कोण फासतंय, आणि समोर मोबाइल. पीयूष आता वाडीत पाहुणे उतरवतो, माल ठेकेदाराला देतो. तो माइक घेऊन म्हणाला, "बाबांच्या आशीर्वादाने आपल्या वाडीत आज एकही फळ किडकं नाही." टाळ्या पडल्या. दादांनी मान हलवली. गुडघे गेल्यापासून ते झाडांकडे गेलेले नाहीत, त्यांना पीयूष सांगेल ते. मांडवाच्या कडेला रघ्या पत्रावळी उचलत होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तोंडही उघडलं नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बुटांकडे बघत होते.

आमची पाळी आली. ह्यांनी डबी उघडून ब्रश दादांच्या हातात दिला. दादांनी बोटांनी चाचपला. "काय आहे?"

"ब्रश. दाढीचा. मी केलाय."

आवाज दादांनी ओळखला असणार. अंगठा मुठीवरून एकदा खाली, एकदा वर गेला. "हं," म्हणाले. बाकी काही नाही. पीयूषने "वा काका, हँडमेड!" करत ब्रश घेतला, आमचा फोटो काढला आणि डबी शालींच्या ढिगावर ठेवली. मागे गर्दी होती, आम्ही बाजूला झालो. परतीच्या रिक्षात हे रिकाम्या पिशवीच्या घड्या घालत बसले. मला म्हणायचं होतं, घ्या, कडं घालून काय मिळालं. पण माझंच तोंड कडू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे लेथवर होते, मी दारात तांदूळ निवडत होते. रिक्षा थांबली. रघ्या उतरला आणि त्याने हात देऊन दादांना उतरवलं. मी सूप खाली ठेवलं. दादांचा एक गाल साफ होता. दुसऱ्या गालावर साबण वाळून पापडी धरली होती, त्यातून पांढरे खुंट बाहेर आले होते, आणि कानाजवळ कालच्या केकची क्रीम तशीच होती. एका हातात ब्रश, दुसऱ्या मुठीत काहीतरी आवळलेलं. अंगात बनियन. असा तो माणूस डहाणूपासून हायवेने आला होता.

"काश्या!"

लेथ बंद झाला. हे दारात आले, पण पुढे होईनात. रिक्षा थांबली की ज्या हाकेसाठी मान वर व्हायची, ती ही हाक.

दादांनी मूठ उघडली. पितळी कडं. "गरम पाण्यात सुटलं. खाली भोक लागलं बोटाला. पीयूषला विचारलं काय आहे, तर म्हणाला, काही नाही बाबा, डिझाइन आहे." त्यांनी अंगठ्याचं नख त्या बीत घातलं. "माझे डोळे गेलेत. नख नाही गेलं. तू सांग, काय आहे?"

ह्यांनी हात फडक्याला पुसले. मला वाटलं, आता हाही डिझाइन म्हणणार. तसं म्हटलं असतं तर मी त्या दिवशी कैनाडला निघून गेले असते.

"अळी आहे, दादा," हे म्हणाले. "आपल्या वाडीतली."

"विहिरीकडची की रस्त्याकडची?"

ह्यांना कुठे माहीत? ह्यांनी रघ्याकडे बघितलं. रघ्या जमिनीकडे बघत म्हणाला, "सगलीकडंच हाय, दादा. पीयूषभाय बोलला, बाबांना सांगू नको. त्यांचं मन मोडल."

दादा चाचपत आले आणि ह्यांच्या स्टुलावर बसले. वाळलेल्या साबणाचे पोपडे मांडीवर पडले.

"मग तू कडं कशाला घातलंस?"

"तुला पुन्हा राग येईल म्हणून."

"आला," दादा म्हणाले. "तेव्हा अळीचा आला होता. आज कड्याचा आला. घरात एवढी माणसं आहेत, सगळी झाकणारी. मला वाटायचं, एक काश्या आहे. डोळे पार गेले की त्याला विचारू." त्यांनी ब्रश मांडीवर ठेवला. "तर तूही शिकलास."

माझा नवरा रडताना मी कधी बघितला नव्हता. तेव्हाही नीट बघितला नाही, कारण तो पाठमोरा वळला. दादांच्या हातातलं कडं घेऊन ह्यांनी पितळेच्या भंगाराच्या डब्यात टाकलं. आवाज झाला तसं दादांनी मान हलवली.

"अर्धी राहिली आहे," दादांनी गाल पुढे केला. "हात धू आणि कर. दाढी झाली की वाडीत जायचं आहे. माझ्याबरोबर चल. एकेक झाड बघ, आणि आहे ते सांग."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. अळी तिथेच होती, उघडी, कापलेली, ओली झालेली. तिच्यावर आता साबण चढणार आणि तो माणसाच्या तोंडाला लागणार. आता लिहितानाही मी हात पदराला पुसतेय. ब्रश अजून तसाच आहे म्हणतात. दादा कुणाला ती बी भरू देत नाहीत.

गरम पाणी हवं होतं. चहाचं भांडं मी त्या अळीसाठी देणार नव्हते. मोरीत जाऊन ते नासलेलं पातेलं सरळ केलं, विसळलं आणि गॅसवर ठेवलं.